पूल जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे?

जुन्या पुलाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पूल जीर्ण झाला, पाडून टाका, वाहतूक खोळंबते आहे. दुसरा म्हणतो, हा वारसा आहे, हात लावू नका. रंग द्या, दिवे लावा, शेजारी माहितीचा फलक लावा. वर्तमानपत्रांतून हे भांडण रंगते आणि वाचणाऱ्याला वाटते की ही विकास आणि संस्कृती यांची लढाई आहे. मला हे भांडणच उथळ वाटते, कारण पुलाकडे पाहण्याची दोघांचीही नजर एकच आहे. पूल म्हणजे एकदा बांधून संपलेली वस्तू, असे दोघेही धरून चालतात. मग ती फेकायची की मांडून ठेवायची, एवढाच वाद उरतो.

माझे म्हणणे वेगळे आहे. पूल एकदा बांधून संपत नाही. दर पावसाळ्यानंतर जो माणूस त्याच्या पोटाखाली उतरून पाये पाहतो, बेअरिंगमध्ये ग्रीस भरतो, सैल रिवेट शोधून बदलतो आणि वहीत तशी नोंद करतो, तो पूल पुन्हा उभा करत असतो. ही निगा, तिची नोंद आणि ती करणारे हात हा पुलाचा खरा वारसा. तो शाबूत असेल तर लोखंड जपण्याला अर्थ आहे. तो तुटला असेल तर उभा दिसणारा पूल हे वेळेची वाट पाहणारे संकट असते, मग त्यावर कितीही सुंदर दिवे लावा.

१. उचलपुलापासून सुरुवात का?

आपल्या नागपुरात उचलता येणारा पूल नाही आणि असण्याचे कारणही नाही. नाग नदीतून कधी जहाज गेले नाही. तरीही या प्रश्नाचा विचार उचलपुलापासून सुरू करायला हवा, कारण स्थिर पुलात जे झाकून राहते ते उचलपुलात उघडे पडते. स्थिर पुलाची वर्षानुवर्षे हेळसांड झाली तरी तो उभा दिसतो, त्यामुळे बघणाऱ्याला तो ठीक वाटतो. उचलपुलाची हेळसांड झाली की तो उचलला जात नाही, किंवा उचलला तर नीट बसत नाही. जहाज खोळंबते, गाडी थांबते, आणि दुर्लक्षाचा हिशेब त्याच दिवशी चुकता करावा लागतो.

त्याची रचना साधी आणि फार देखणी आहे. व्हर्टिकल लिफ्ट प्रकारात दोन मनोऱ्यांच्या मधला गाळा दोरखंडांनी टांगलेला असतो, आणि त्याच दोरखंडांच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ तेवढ्याच वजनाचा प्रतिभार असतो. दोन्ही पारडी समतोल असल्यामुळे शेकडो टनांचा गाळा उचलताना मोटारीला त्याचे वजन पेलावे लागत नाही. घर्षण, वारा आणि उरलेला थोडा फरक तेवढा पेलावा लागतो. शिकागोत 1894 मध्ये साउथ हॉलस्टेड स्ट्रीटवर वॉडेल या अभियंत्याने असा पूल उभारला आणि आधुनिक व्हर्टिकल लिफ्ट पुलांची परंपरा तिथून सुरू झाली.

आता या समतोलाचा परिणाम पाहा. गाळ्यावर रंगाचा थर चढला की वजन वाढते. लाकडी फळ्या काढून डांबर टाकले की वजन वाढते. जुना रूळ जाऊन जड रूळ आला की वजन वाढते. प्रत्येक वेळी प्रतिभार नव्याने जुळवावा लागतो, नाहीतर यंत्रावर आणि दोरखंडांवर नको तो ताण येतो. म्हणजे ज्या रंगाला आपण जतन समजतो, तो रंगसुद्धा हिशेबाशिवाय दिला तर पुलाला अपाय करतो. ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘रंग द्या’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

२. पांबन: बांधलेला पूल आणि पुन्हा बांधलेला पूल

भारतात या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण रामेश्वरला जाणाऱ्या, समुद्रावरच्या पांबन रेल्वेपुलाचे. काशी-रामेश्वर केलेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या लोकांनी तो पूल रेल्वेच्या खिडकीतून पाहिला आहे. 24 फेब्रुवारी 1914 रोजी सुरू झालेला, दोन किलोमीटरहून थोडा लांब, 145 गाळ्यांचा, आणि मध्ये जहाजांसाठी उघडणारा शेर्झर पद्धतीचा भाग. त्याची दोन पाती दोन्ही बाजूंना पाळण्यासारखी मागे लोळत वर जायची. हे काम विजेवर चालत नव्हते. माणसे उभी राहून लोखंडी दांडे फिरवायची आणि त्यांच्या ताकदीवर पाती उघडायची. शंभराहून अधिक वर्षे हे असेच चालले.

22 डिसेंबर 1964 च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने रामेश्वरजवळची धनुष्कोडी उद्ध्वस्त केली, एक प्रवासी गाडी समुद्रात ओढून नेली आणि पुलाचे 126 गर्डर वाहून नेले. उघडणारा मधला भाग मात्र टिकला. दुरुस्तीचे काम ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे आले. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी आहेत असे कळल्यावर ते शोधून, उचलून, पुन्हा पायांवर बसवले गेले. रेल्वेने यासाठी सहा महिन्यांचा अंदाज बांधला होता. काम 46 दिवसांत झाले.

‘ब्रिटिशांनी बांधलेला पूल’ हे वर्णन इथे अपुरे पडते. 1965 नंतर ज्या पुलावरून गाड्या गेल्या, तो समुद्रातून लोखंड वर काढणाऱ्या मच्छीमारांचा, खलाशांचा आणि रेल्वेच्या अभियंत्यांचा पूल आहे. 2007 मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हा वाढलेला भार पेलण्यासाठी त्याची पुन्हा डागडुजी झाली. मूळ पूल कोणता, असे विचारले तर एका तारखेला बोट ठेवता येणार नाही.

डिसेंबर 2022 मध्ये सेन्सरांनी उघडणाऱ्या भागाबद्दल धोक्याचा इशारा दिला आणि त्या पुलावरून गाड्या थांबल्या. 6 एप्रिल 2025 रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. त्याचा 72.5 मीटरचा, सुमारे 660 टनांचा गाळा सरळ 17 मीटर वर जातो आणि हे सारे विजेवर चालते. जुन्या पुलावरची वाहतूक थांबवणे बरोबर होते, यात मला शंका नाही. पण जी माणसे दांड्यावर उभी राहून पाती उघडत होती, वारा कोणत्या दिशेचा असताना कुठल्या पात्याला जास्त जोर लागतो हे ज्यांच्या अंगवळणी पडले होते, त्यांचे ज्ञान कोणी लिहून घेतले का, हा प्रश्न जुने लोखंड कुठे ठेवायचे या प्रश्नाच्या आधी यायला हवा होता. चर्चा मात्र लोखंडाचीच झाली.

३. रंगाखाली काय असते

निगा आणि सजावट यांतला फरक कळायला गुजरातमधले मोरबी पुरेसे आहे. मच्छू नदीवरचा एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल दुरुस्तीनंतर 26 ऑक्टोबर 2022 रोजी लोकांसाठी उघडला आणि 30 ऑक्टोबरला तुटला. सरकारी आकड्यानुसार 135 माणसे गेली. विशेष तपास पथकाच्या अहवालात आले की मुख्य केबलमधल्या 49 तारांपैकी 22 तारा आधीच गंजलेल्या होत्या, आणि जुने सस्पेंडर बदलण्याऐवजी त्यांना नवे जोडून वेल्डिंग केले होते. वरची फरशी मात्र नवी, चकचकीत ॲल्युमिनियमची. तिथे वारसा जपला गेला, तिकीट लावले गेले, गर्दी झाली. तपासणी तेवढी झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण महाडचे. सावित्री नदीवरचा 1928 चा दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तपासणी होऊन पूल सुरक्षित ठरवला गेला होता, हे नंतर बाहेर आले. म्हणजे तपासणी झाली नाही असे नाही. झालेली तपासणी कोरडी होती. पुलाच्या वरून चालत जाऊन पाहणे आणि पाण्याखालचे पाये पाहणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात माणसे बुडाली.

खरी तपासणी कशी असते हे एकदा जवळून पाहावे. रिवेटच्या सांध्यावर काम करणारा माणूस डाव्या हाताचे बोट रिवेटच्या डोक्याच्या एका कडेला टेकवतो आणि दुसऱ्या कडेवर छोट्या हातोडीने टोला देतो. घट्ट रिवेट खणखणीत वाजतो आणि बोटाला काही जाणवत नाही. सैल रिवेटचा आवाज बद्द येतो, बोटाखाली बारीक थरथर लागते. अनुभवी माणसाला हातोडी उचलण्याआधीच कळते, कारण सैल रिवेटच्या भोवती तांबूस गंजाची रेघ ओघळलेली असते. नुकताच रंग दिलेल्या पुलावर नेमकी हीच रेघ दिसेनाशी होते. उद्घाटनाच्या आधी घाईने रंग देण्याच्या आपल्या सवयीचा यापेक्षा मोठा तोटा मला सांगता येणार नाही.

४. काम थांबलेल्या पुलाचे काय?

माझ्या म्हणण्याला अडचणीचे ठरेल असे उदाहरण मीच मांडतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात 1927 चा रेल्वेचा उचलपूल आहे. लोक त्याला ‘डे हेफ’ म्हणतात. आधी तिथे फिरता पूल होता. एका जहाजाने त्याला धडक दिल्यावर उचलपुलाचा निर्णय झाला. 1993 मध्ये नदीखालून रेल्वेचा बोगदा सुरू झाला आणि पुलाचे काम संपले. पाडण्याचा बेत होता. शहरातले लोक विरोधात उभे राहिले, पूल वाचला आणि पुढे राष्ट्रीय स्मारक झाला. आज त्याचा गाळा कायम वर उचललेला आहे. तो कोणाला पलीकडे नेत नाही. मग निगा हाच वारसा असेल, तर हा पूल कशासाठी जपला?

उत्तर त्या पुलाच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. बिनकामाचा झाला म्हणून त्याला गंजायला सोडून दिले नाही. 2014 ते 2017 या काळात त्याचे मोठे दुरुस्तीकाम झाले, त्यासाठी मधला गाळा खाली उतरवला गेला. म्हणजे काम थांबलेल्या पुलालाही चालत्या पुलाइतकीच निगा लागते, आणि ती करायला भाग पाडणारी वाहतूक आता नसते. ती उणीव लोकांच्या जागरूकतेने भरून काढावी लागते. 2022 मध्ये एका अतिश्रीमंताची उंच डोलकाठ्यांची नौका बाहेर काढण्यासाठी तो गाळा तात्पुरता काढावा अशी मागणी झाली, तेव्हा रॉटरडॅमकर चिडून उठले आणि अखेर तो बेत बारगळला. ज्या शहराला आपल्या पुलाचा एक गाळा काढला जाणार म्हणून राग येतो, तिथेच बिनकामाचा पूल ठेवणे परवडते. जिथे तो राग नाही, तिथे बिनकामाचा पूल ठेवू नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

लंडनचा टॉवर ब्रिज याच्या उलट टोकाला आहे. 1894 चा हा पूल आजही जहाजांसाठी उघडतो. त्याची पाती पूर्वी वाफेच्या जोरावर तयार केलेल्या पाण्याच्या दाबाने उचलली जात. 1970 च्या दशकात तिथे तेल आणि वीज आली. जुनी यंत्रे बाजूला दाखवण्यासाठी ठेवली आणि पूल चालू राहिला. कट्टर वारसाप्रेमींना ही तडजोड वाटेल. मला हे खरे जतन वाटते, कारण यंत्र बदलले तरी पुलाचे काम टिकले. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुलाच्या मालकीची आहे. टॉवर ब्रिज आणि थेम्सवरचे आणखी चार पूल सांभाळणाऱ्या विश्वस्त निधीची मुळे तेराव्या शतकात जातात. त्याच्या नावे मालमत्ता आहे आणि तिच्या उत्पन्नातून पुलांची निगा होते. आपल्याकडे देवळातला नंदादीप विझू नये म्हणून तेलासाठी जमीन इनाम दिली जात असे, तसेच हे आहे. देणाऱ्याला कळत होते की दिवा एकदा लावून भागत नाही, रोजच्या तेलाची सोय करावी लागते. आपण पूल बांधताना दिव्याचे पैसे ठेवतो आणि तेलाचे ठेवत नाही.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षेचा. जुना पूल धोकादायक असतो, माणसाच्या जिवापुढे वारसा कसला, असे कोणी म्हणेल. जिवापुढे वारसा नाही हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच पांबनवरची वाहतूक थांबवणे मी बरोबर मानतो. पण जुना म्हणजे धोकादायक आणि नवा म्हणजे सुरक्षित हे समीकरण खोटे आहे. वडोदऱ्याजवळचा गंभीरा पूल 1985 चा होता; तो 9 जुलै 2025 ला तुटला. बिहारमध्ये गंगेवरचा अगुवानी-सुलतानगंज पूल पुरा होण्याआधीच एकाहून अधिक वेळा कोसळला. पुलाचे वय त्याच्या जन्मतारखेपेक्षा शेवटच्या खऱ्या तपासणीच्या तारखेवरून मोजलेले जास्त खरे ठरते. खुद्द नागपुरातही रेल्वे स्थानकासमोरचा उड्डाणपूल या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला आणि वीस वर्षे भरण्याच्या आत पाडायला घेतला. तो जीर्ण झाला म्हणून पाडला नाही. रस्त्याची आखणी बदलली म्हणून पाडला. शंभर वर्षांच्या पुलाला म्हातारा म्हणून हिणवणाऱ्यांनी या तरुण मृत्यूचाही जाब विचारायला हवा.

दुसरा आक्षेप पैशाचा. रस्ते, पाणी, शाळा यांनाच पैसा पुरत नाही, जुन्या पुलाला कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे, पण तो जतनाला लागू होतो तितकाच नव्या बांधकामालाही होतो. नव्या पुलाच्या खर्चातला एक लहानसा भाग त्याच्या निगेसाठी वेगळ्या, हात न लावता येणाऱ्या निधीत ठेवला, तर पुढची पिढी पूल पाडायचा की जपायचा या कोंडीत सापडणार नाही. आज उलटे होते. बांधकामाच्या खर्चावर कोनशिला बसते, उद्घाटन होते, बातमी होते. ग्रीस भरल्याचे उद्घाटन कोणी करत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ती ओळ आकसत जाते.

तिसरा आक्षेप अलीकडे वारंवार ऐकू येतो. परकीय राजवटीच्या खुणा कशाला जपायच्या? पांबनच्या उदाहरणातून याचे उत्तर आले आहे, तरी एक गोष्ट आणखी सांगावीशी वाटते. नागपूरला रेल्वे 1867 मध्ये आली. ती कापूस बाहेर नेण्यासाठी आली, सत्तेच्या सोयीसाठी आली, हे लपवण्याचे कारण नाही. पण तिच्या खडीचा भराव कोणी घातला, पुलांचे दगड कोणी घडवले, भर उन्हात तापलेले लोखंड कोणी पेलले? हुकूम त्यांचा होता आणि घाम इथल्या माणसांचा होता. पूल पुसून टाकल्याने हुकूम देणाऱ्याचे नाव पुसले जात नाही, ते गॅझेटिअरमध्ये छापलेले आहे. पुसला जातो तो कामगार, ज्याचे नाव कुठेच छापलेले नाही आणि ज्याची एकमेव सही म्हणजे तो पूल.

६. नागपूरपुरते बोलायचे तर

हे शहर सध्या पुलांच्या भरात आहे. वर्धा रोड आणि कामठी रोडवरचे दुमजली पूल नागपूरकर पाहुण्यांना आवर्जून दाखवतात, आणि त्यात गैर काही नाही. स्थानकाजवळ रूळांवरून जाणारा जुना पूल गेला आणि रामझुला हा नवा पूल आला; तो जुना पूल दिसायला कसा होता, हे आज विशीतल्या नागपूरकराला सांगता येईल असे मला वाटत नाही. आता पाळी अजनीची आहे. ब्रिटिश काळातला तो अरुंद रेल्वे उड्डाणपूल वाहतुकीला अपुरा आणि कमकुवत ठरला, जड वाहनांना त्यावर बंदी आली आणि शेजारी नवा केबल-स्टेड पूल उभा राहतो आहे. तो जुना पूल जसाच्या तसा ठेवा, असे मी म्हणणार नाही. त्याखालून देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रेल्वेमार्गांपैकी एक जातो. तिथे बिनकामाचा पूल गंजत ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर टांगती तलवार ठेवणे.

पण पाडणे आणि विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिली करताना दुसरी आपोआप करून टाकतो. अजनीबाबत काय करता येईल ते नेमके सांगतो. पूल उतरवण्याच्या निविदेतच त्याची पूर्ण मोजणी करण्याची अट असावी: प्रत्येक जोड, प्रत्येक पाया, वेळोवेळी केलेली प्रत्येक दुरुस्ती. हे काम करायला शहरात माणसे नाहीत असे नाही. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था 1960 पासून इथे स्थापत्य अभियंते घडवते आहे. उतरवताना पूल आतून कसा झिजला हे प्रत्यक्ष पाहायला मिळते, आणि विद्यार्थ्याला ती संधी पुन्हा मिळत नाही. उभ्या पुलाचे पोट कोणी उघडून दाखवत नाही. त्याच वेळी पुलाचा एक भाग, सांध्यांसह, मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात नेऊन ठेवावा, काचेमागे न ठेवता हातोडी मारून तपासता येईल असा. 2002 पासून तिथे जुनी इंजिने आहेत. ज्या वाटांवरून ती धावली त्या वाटांच्या पुलांचे मात्र तिथे फारसे काही दिसत नाही. आणि रेल्वेतून, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या पूल-तपासनिसांना, गँगमनना बोलावून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे. ही माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. या कामाला थांबायला वेळ नाही.

उरलेल्या पुलांसाठी मागणी आणखी साधी आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि नदीवरच्या पुलांनाही तडाखा बसला. त्या दिवसानंतर तरी या शहराला पुलाच्या निगेची किंमत पटवून द्यावी लागू नये. महापालिकेच्या, रेल्वेच्या, बांधकाम खात्याच्या ताब्यातल्या प्रत्येक पुलावर, त्यावरून रोज जाणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर, एक पाटी असावी. बांधल्याचे वर्ष, मागच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचे पद, पाण्याखालचे पाये पाहिले की नाही, आणि पुढची तपासणी कधी. नेत्याचे नाव त्यावर नको. तारीख उलटून गेली की ती प्रत्येकाला दिसेल, भाजीवालीला दिसेल, शाळेत जाणाऱ्या मुलाला दिसेल, आणि ती का उलटली हे विचारण्याचा हक्क त्या दोघांनाही मिळेल.